दुकान उघडं असताना

देशाच्या भूकंप-जोखमीचं काम ज्या कार्यालयाकडे होतं, तिथे खोल्या तीन होत्या आणि प्रश्नही तीनच. पहिल्या खोलीत जमीन कुठे किती हलेल याचा अंदाज बांधला जाई. दुसऱ्या खोलीत त्या जमिनीवर काय उभं आहे आणि हलल्यावर त्यातलं किती उभं राहील, हे ठरे. तिसऱ्या खोलीत प्रमुख बसत. पहिल्या दोन खोल्यांची उत्तरं जुळवून कोणत्या गावाला आधी हात घालायचा, हा तिसरा प्रश्न त्यांचा.

दुसरी खोली धाकटीची. कार्यालयात तिला सगळे मॅडम म्हणत, पण घरी ती पन्नाशीला टेकली तरी धाकटीच होती. आणि ही गोष्ट शेवटी घरी जाणारी असल्यामुळे इथेही तिला धाकटीच म्हटलेलं बरं.

यादी तयार झाली होती. देशभरातली लहानमोठी गावं जोखमीच्या क्रमाने लावलेली, आणि वरच्या पंचवीस गावांचा पहिला टप्पा. तिथे अभियंते जाणार, इमारती तपासणार, कमकुवत असतील त्यांना सरकारी मदतीने आधार देणार. बाकीच्यांनी थांबायचं. किती, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कच्ची यादी लोकांच्या हरकतींसाठी जाहीर झाली होती आणि पक्की पुढच्या आठवड्यात मंत्रिमंडळासमोर जायची होती.

धाकटीचं माहेरचं गाव यादीत नववं होतं.

यादी जाहीर झाली त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

"आपल्या गावाचा कशात तरी पहिल्या दहात नंबर आला गं. शाळेत असताना कधी आला नाही."

"ताई, या यादीत वर असणं चांगलं नसतं."

"ते कळतं मला. पण तुमची माणसं येणार ना?"

"येणार."

"मग चांगलंच की. येताना शिड्या आणायला सांग, आमच्याकडची मोडली आहे."

फोन ठेवल्यावर धाकटीने यादीतला नववा नंबर पुन्हा एकदा पाहिला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. गावाच्या बाजारपेठेत ताईचं पडद्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. घरात ताई, भाऊजी आणि आई. ती इमारत म्हणजे दुसऱ्या खोलीची झोप उडवणारा अस्सल नमुना. खाली दुकानासाठी सगळं मोकळं, नुसते खांब; वर दोन मजले भिंतींनी गच्च. दुसऱ्या खोलीत अशा इमारतीला 'मोकळा तळ' म्हणत. जमीन हलली की वरचे मजले एका तुकड्यात डोलतात आणि सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. खांब मोडले की वरचं घर, भिंतीवरच्या घड्याळासकट, जसंच्या तसं खाली बसतं.

हे धाकटीला शिकायला लागल्यापासून माहीत होतं. ताईला तिने पुष्कळदा सांगितलंही होतं. ताईचं उत्तर ठरलेलं: "पडायचं असतं तर आतापर्यंत पडलं असतं." घरच्या माणसाचं शहाणपण घरात कधी चालत नाही. बाहेरचा अभियंता सरकारी शिक्का घेऊन आला असता तर ताईने त्याला खुर्ची दिली असती आणि ऐकूनही घेतलं असतं.

वडील गेले तेव्हा ताईने कॉलेज सोडून कात्री हातात घेतली होती. दोघींपैकी एकीनेच शिकायचं तर कुणी, यावर घरात चर्चा झालीच नाही. ताईने धाकटीचा डबा भरला, तिला बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून एवढंच म्हणाली, "नापास झालीस तर पडदे शिवायला ये. मला माणूस हवंच आहे." धाकटी नापास झाली नाही. उपकार हा शब्द ताईसमोर काढला असता तर तीच कात्री घेऊन ताई मागे लागली असती, म्हणून धाकटीने तो कधी काढला नाही. पण यादीत नववा नंबर पाहिला तेव्हा तिला वाटलं, आपल्या शिक्षणाचा ताईला आज पहिल्यांदा काही उपयोग होतोय.

त्या वाटण्याला तडा गेला तो भेगाकाकांमुळे.

भेगाकाका पहिल्या खोलीत बसत. जमिनीतल्या भेगा शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि स्वतःच्या टाचांना पडलेल्या भेगांकडे मात्र त्यांनी कधी बघितलं नाही, असं त्यांची बायको सांगे. ते सकाळी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत आले आणि भिंतीवरच्या रंगीत नकाशासमोर उभे राहिले. लाल म्हणजे जास्त जोखीम, पिवळा म्हणजे कमी.

"ही नदी फार ठसठशीत दिसतेय," ते म्हणाले.

"कुठली?"

"तुझ्या माहेरची. अलीकडे लाल, पलीकडे पिवळं. मध्ये काठाकाठाने सुरीने कापल्यासारखी रेघ. माझा जमिनीचा नकाशा असा कुठे तुटत नाही. धक्का काही नदीकाठी थांबून होडीची वाट बघत नाही."

"म्हणजे फरक माझ्या खोलीतला."

"मी कुठे काय म्हटलं? मी फक्त चहा पितोय."

धाकटीने नकाशाकडे पाहिलं. गेले कित्येक महिने ती हा नकाशा बघत होती आणि दर वेळी तिची नजर आपल्या गावाच्या लाल ठिपक्यावर जाऊन तिथेच थांबत होती. नदी ओलांडून ती कधी गेलीच नव्हती. पलीकडचं गाव सत्तराच्याही पुढे कुठेतरी होतं. दोन्ही गावं एका पुलाने जोडलेली. घरं बांधणारे ठेकेदार दोन्हीकडे तेच, विटा एकाच भट्टीतल्या. दोन जुळ्या बहिणींमधली एक तापाने फणफणलेली आणि दुसरी ठणठणीत, असं कसं?

तिने संगणकावर दोन्ही गावांचे मोजणीतले फोटो उघडले.

मोजणीची पद्धत अशी होती: सगळ्या देशातली घरं मोजणं अशक्य, तेव्हा शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक गावातल्या काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. मोजणीदाराने तिथे जाऊन प्रत्येक इमारतीचा फोटो काढायचा आणि ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं भरायची. त्यावरून अख्ख्या गावाचा अंदाज. प्रश्नांपैकी एक असा: तळमजला दर्शनी बाजूने बंद की मोकळा? हा प्रश्न धाकटीनेच लिहिला होता. राजधानीतल्या सदनिकांवर तो तपासूनही पाहिला होता. त्या इमारतींच्या तळाला गाड्या उभ्या राहत. तिथे उघडायला-मिटायला काही नव्हतंच. प्रश्न चोख उतरला.

दुसरी एक सूचनाही याच खोलीतून गेली होती: मोजणी बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करावी. त्यालाही कारण होतं. पहिल्या चाचणीत एक मोजणीदार पूर्ण इमारत फोटोत बसवायला मागे मागे सरकत थेट एका टेम्पोला जाऊन टेकला होता. सुट्टीच्या दिवशी रस्ता रिकामा. मधोमध उभं राहावं आणि निवांत फोटो काढावा.

दोन्ही सूचना शहाण्या होत्या. अडचण त्या दोन्ही एकत्र आल्यावर झाली.

पडद्यावर नदीपलीकडच्या बाजारपेठेचे फोटो एकापाठोपाठ एक सरकू लागले. स्वच्छ रस्ता, स्वच्छ ऊन, आणि प्रत्येक इमारतीच्या पायाशी खाली ओढलेलं लोखंडी शटर. तळमजला: बंद. तळमजला: बंद. तळमजला: बंद. मोजणीदाराने खोटं काही लिहिलं नव्हतं. त्याच्यासमोर खरोखरच सगळं बंद होतं. कुलूप लावलेल्या पत्र्यामागे भिंत नाही, नुसते चार खांब आहेत, हे रस्त्यातून त्याला दिसणार कसं? आणि गणितात मात्र ते पातळ पत्रे भिंती होऊन उभे राहिले होते.

धाकटीने तिसऱ्या गावाचे फोटो उघडले, मग चौथ्याचे, मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका बंदराचे. सगळीकडे सुट्टी. सगळीकडे शटर.

शेवटी तिने आपल्या गावाचे उघडले. तिथे बाजार भरात होता. सायकली, पाट्या, दारात टांगलेल्या बादल्या, गिऱ्हाइकं. आणि एका फोटोच्या बरोबर मध्ये, उघड्या दुकानाच्या उंबऱ्यात, मागे पडद्यांच्या गठ्ठ्यांमधून उभे दोन बारीक खांब आणि पुढे कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात कात्री, डोळे वटारून थेट कॅमेऱ्याकडे बघणारी ताई.

धाकटीला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं. आपलं गाव इतरांपेक्षा जास्त धोक्यात नव्हतं. आपल्या गावाचं फक्त खरं मोजलं गेलं होतं.

तिने ताईला फोन लावला.

"ताई, गेल्या वर्षी घरांचे फोटो काढायला एक माणूस आला होता. आठवतंय?"

"टोपीवाला? न आठवायला काय झालं. सुट्टीचं दुकान बंद करून मी आईच्या केसांना तेल लावत बसले होते. खिडकीतून बघते तर हा रस्त्याच्या मध्ये उभा राहून माझ्या बंद दुकानाचा फोटो काढतोय. मी वरूनच विचारलं, काय हो, काय चाललंय? म्हणे सरकारी काम. म्हटलं, सरकारला दाखवायला माझं बंद दुकान नेताय? बघणाऱ्याला वाटेल धंदा बुडाला. उद्या या, दुकान उघडं असताना."

"मग?"

"मग काय, तो म्हणाला, बाई, मला सुट्टीच्याच दिवशी काढायला सांगितलंय. मी म्हटलं, ज्याने सांगितलं त्याला माझ्याकडे पाठवा."

"ताई, ते मीच सांगितलं होतं."

"मग बरंच झालं पाठवलं नाही." ताई हसली. "मी खाली उतरले, सोबत शेजारचा भांडीवाला, पलीकडची घड्याळवाली, सगळे उतरले. बंद दुकानाचा फोटो कुणालाच नको होता. बिचारा दुसऱ्या दिवशी आला आणि दिवसभर गर्दीतून वाट काढत सगळी पेठ पुन्हा केली. मी पाणी दिलं त्याला. का गं, फोटो चांगला नाही आला का माझा?"

"चांगला आलाय."

"मग एवढं काय विचारतेस?"

"रविवारी येते," धाकटी म्हणाली. "तेव्हा सांगते."

भेगाकाका अजून तिथेच होते. चहा केव्हाच संपला होता. त्यांनी दोन्ही गावांचे फोटो शेजारी शेजारी पाहिले आणि रिकाम्या कपात डोकावून म्हणाले, "तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार नाही. गप्प बस असं मी म्हणत नाही. फक्त कळणार नाही, एवढं सांगतो."

"तुम्हाला कळलंय ना."

"मला काय, मला जमिनीखालचं कळतं. वरचं मी कुठे सांगत फिरतो?"

धाकटी उठली आणि तिसऱ्या खोलीत गेली.

प्रमुखांना पाठीमागे सगळे दशांश म्हणत, कारण दशांश चिन्हानंतरचा एखादा अंक चुकला तरी ते अहवाल परत पाठवत. तिने त्यांना फोटो दाखवले. नेहमीसारखं त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे मोकळे तळ आपण फार कमी धरलेत," ते म्हणाले.

"हो. आणि सारखे कमी नाही. ज्या गावात बाजार मोठा, तिथे चूक मोठी."

"पुन्हा मोजायचं तर?"

"सगळीकडे पुन्हा माणसं पाठवावी लागतील. कामाच्या दिवशी. आणि प्रश्न बदलून: शटरच्या आत भिंत आहे की नुसते खांब, दुकानात जाऊन बघायचं."

प्रमुखांनी चष्मा पुसला. "तुमचं माहेर यादीत आहे ना?"

"नववं."

"आणि मोजणी नीट झाल्यावर?"

"पंचविसांत राहील असं वाटत नाही. बाकीची गावं वर येतील."

"घरी कोण असतं?"

"ताई, तिचे यजमान आणि आई. दुकानाच्या वर राहतात." तिने पडद्यावरच्या फोटोकडे बोट केलं. "हीच ती."

प्रमुखांनी फोटोतल्या ताईकडे जरा वाकून पाहिलं. कात्रीसकट. मग त्यांनी फोन उचलला आणि मंत्र्यांच्या कचेरीत कुणाला तरी सांगितलं, की यादी पुढच्या आठवड्यात येणार नाही. पलीकडचा आवाज चढलेला धाकटीला खुर्चीतूनही ऐकू येत होता. प्रमुख शांतपणे म्हणाले, "नाही, थोडी चुकलेली नाही. चांगलीच चुकलेली आहे. म्हणूनच तर फोन केला." फोन ठेवून ते तिला म्हणाले, "तुमच्या बहिणीचे आभार माना. तिने आपल्या माणसाला हटकलं नसतं तर सगळा देश सारखाच चुकला असता, आणि सारखी चूक कधी दिसत नाही."

"मानते," धाकटी म्हणाली. "पण आभारासोबत तिला हेही सांगावं लागेल."

रविवारी दुकान चालू होतं. गावची सुट्टी दुसऱ्या वारी असे. ताई लांबलचक टेबलावर पडद्याचं कापड पसरून कापत होती. हे टेबल म्हणजे तिचा अभिमान. अख्खा पडदा घडी न घालता त्यावर उलगडे. ते बसावं म्हणून काही वर्षांपूर्वी तिने आणि भाऊजींनी दुकान आणि मागची कोठी यांच्यामधली भिंत काढून टाकली होती, आणि धाकटीला ती पडल्यावरच कळलं होतं.

"ये, टोक धर," ताई म्हणाली. आल्यागेल्याची विचारपूस तिच्याकडे नंतर होत असे. धाकटीने कापडाचं टोक धरलं. भाऊजी गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते. वरून आईने विचारलं, "आली का गं?" आणि ताईने वर तोंड करून सांगितलं, "आली. रोडावली आहे."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. धाकटीने टोक धरल्या धरल्या सगळं सांगून टाकलं. शटर, सुट्टी, फोटो, पुन्हा होणारी मोजणी. शेवटी म्हणाली, "ताई, आपलं गाव पहिल्या टप्प्यातून जाईल. इतक्यात कुणी येणार नाही."

ताईने कात्री थांबवली नाही. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापून झाला, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली.

"म्हणजे मी त्याला हाकललं नसतं, तर?"

"तर आपलं गावही पिवळं झालं असतं, इतरांसारखं. चूक कुणाला कळलीच नसती."

"म्हणजे नववा नंबर माझ्यामुळे आला, आणि गेलाही माझ्यामुळे."

"गेला माझ्यामुळे," धाकटी म्हणाली. "मी सांगितलं म्हणून."

"तू न सांगून कुठे जाणार होतीस? लहानपणी साखर खाल्लीस तर स्वतःच आईला जाऊन सांगायचीस आणि मला मार बसायचा." ताईने कापडाची घडी घालायला घेतली. हात नेहमीपेक्षा जोरात चालत होते. "मी सगळ्या पेठेत सांगून बसले, माझी बहीण माणसं पाठवतेय म्हणून. आता भांडीवाला मला काय काय ऐकवेल."

धाकटीने समोरचं टोक उचलून दिलं. भाऊजींनी पेपर खाली घेतला, दोघींकडे पाहिलं आणि परत वर धरला. पण पान उलटलं नाही.

थोड्या वेळाने ताईने विचारलं, "वर कोण येणार मग? आपल्या जागी?"

"नक्की मोजल्यावर कळेल. पण नदीपलीकडचं गाव येईल. त्यांचा बाजार आपल्या दुप्पट आहे."

"पलीकडचा पडदेवाला आहे ना, कोपऱ्यावरचा? त्याचंही वर घर आहे?"

"आहे. फोटोत पाहिलं. वर तीन मजले."

"मेला माझी गिऱ्हाइकं पळवतो," ताई म्हणाली. "निम्म्या भावात देतो आणि पहिल्याच धुण्यात पडदा गुडघ्यापर्यंत येतो." तिने घडी टेबलावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. "तीन नाती आहेत त्याला. सगळ्यात लहान तर अजून रांगते. एका लग्नात भेटला होता तेव्हा तिला कडेवर घेऊन फिरत होता."

दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं, ताईने हातानेच त्याला थांबायला सांगितलं.

"ठीक आहे. आधी त्याचं बघा," ती म्हणाली. "पण मी हात जोडून बसणार नाही. तुमची माणसं येतील तेव्हा येतील. तू आली आहेस ना? तूही तेच शिकली आहेस ना? मग सांग, काय करू?"

धाकटीला पहिल्यांदा कळेना की आपण बरोबर ऐकलं का. इतकी वर्षं ती सांगत होती आणि ताई हसण्यावारी नेत होती. आज ताई विचारत होती.

"भिंत," ती म्हणाली. "कोठीकडची परत घालायची. आणि समोरच्या अंगाला, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक. एकाच बाजूला घातली तर घर पिळवटेल. नुसत्या विटा रचून भागणार नाही, पायापासून काँक्रीटची उचलायची, सळया खांबांत आणि वरच्या तुळईत रोवून. मी आराखडा देते, पण गावातल्या अभियंत्याकडून तपासून घ्यायचा. माझ्या एकटीच्या भरवशावर नाही."

"कोठीकडची," ताई म्हणाली. दोघींनी एकाच वेळी टेबलाकडे पाहिलं.

"टेबल अर्धं होईल," धाकटी हळूच म्हणाली.

पेपरामागून भाऊजी म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो, ती भिंत नको काढायला."

"तुम्ही घण मारत होतात तेव्हा," ताई म्हणाली. "तोंडाने म्हणत होतात आणि हाताने पाडत होतात." मग तिने टेबलाच्या मधोमध, अगदी लाकडाच्या जोडावर, खडूने रेघ मारली. कापडावर मारायची तशीच, एका झटक्यात. "इथून?"

धाकटीने अंतर पाहिलं. "इथून."

"बरं. आणि तोवर?"

"माळ्यावरचे कापडाचे गठ्ठे खाली आणू. वर भार नको."

"चल मग, मोडक्या शिडीवर कोण चढतंय?"

दुपारभर तिघांनी गठ्ठे उतरवले. धाकटी वरून देत होती, भाऊजी झेलत होते, ताई खाली कुठला कुठे ठेवायचा ते ओरडून सांगत होती, आणि आई वरच्या जिन्यातून विचारत होती की दुकान हलवताय की काय. निघताना धाकटीने ताईला वाकून नमस्कार केला. ताई म्हणाली, "आज काय विशेष?" धाकटी म्हणाली, "प्रमुखांनी सांगितलंय." ताईला ते पटलं नाही, पण तिने पाठीवर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला.

फेरमोजणीला पुढचं वर्ष उजाडलं. मोजणीदार कामाच्या दिवशी गेले, दुकानात शिरले, गठ्ठ्यांमागे आणि फळ्यांमागे डोकावले, काही ठिकाणी शिव्याही खाल्ल्या. नकाशा बदलला. नदी नकाशात पुन्हा नदीसारखी दिसू लागली. तिच्या दोन्ही काठांना एकच रंग आला. पलीकडचं गाव पहिल्या टप्प्यात गेलं. धाकटीचं गाव दुसऱ्या टप्प्यात उतरलं. मंत्रिमंडळासमोर प्रमुखांनी चूक काय झाली होती ते स्वतः उभं राहून सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी कुरकुर करत का होईना, पहिला टप्पा थोडा वाढवला. ताईचं गाव त्या वाढीतही बसलं नाही.

मोजणीच्या नव्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर एक फोटो छापला होता: उघडं दुकान, आत दिसणारे खांब आणि दारात कात्री घेऊन उभी असलेली बाई. खाली लिहिलं होतं, 'योग्य पद्धत'. प्रमुखांनी त्यासाठी ताईची परवानगी रीतसर पत्र पाठवून मागितली होती. ताईने होकार कळवला आणि धाकटीला फोनवर झापलं. "आधी सांगितलं असतं तर केस तरी नीट केले असते. सगळ्या देशात हा अवतार."

तोवर पेठेत भिंती उभ्या राहत होत्या. ताईच्या तीन आधी झाल्या. भांडीवाल्याने महिनाभर टोमणे मारले, मग एके दिवशी येऊन भिंतीवर हाताने थापा मारून पाहिल्या आणि अभियंत्याचा नंबर मागून नेला. घड्याळवालीने जागा कमी होते म्हणून नाक मुरडलं आणि पुढच्या हंगामात तिनेही घातली. अर्ध्या टेबलावर पडदे आता मधोमध दुमडून कापावे लागत. ताई त्यावरून रोज कुरकुरे आणि रोज कापे.

दुसऱ्या टप्प्याआधी एक पडताळणी व्हायची होती. त्यासाठी तोच टोपीवाला मोजणीदार पेठेत आला. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला.

"आला होता तुमचा माणूस. मला बघून आधीच टोपी काढली."

"काय म्हणाला?"

"आत आला, भिंती बघितल्या, काहीतरी लिहिलं. भांडीवाल्याकडे लिहिलं, घड्याळवालीकडे लिहिलं. म्हणाला, बाई, यामुळे गावाचा नंबर आणखी खाली जाईल. खरं का?"

"खरं आहे," धाकटी म्हणाली. तिच्यासमोर भिंतीवर नकाशा होता. "बरेच जण असं करतील तर बराच खाली जाईल."

"जाऊ दे. शाळेतही शेवटच्या बाकावरच बरं वाटायचं मला." पलीकडून कापडाचा आणि कात्रीचा आवाज येत होता, ताई बोलता बोलता कापत होती. "आई वर झोपलीय. पूर्वी ट्रक गेला की तिच्या कपाटाची काच वाजायची. हल्ली वाजत नाही. तिनेच सांगितलं."

धाकटीने फोन कानापासून दूर धरून डोळे पुसले. ताईने वाट पाहिली. तिच्या स्वभावात ते बसणारं नव्हतं, तरी पाहिली.

"रडू नकोस," ती शेवटी म्हणाली. "आणि त्या टोपीवाल्याला मी सांगितलंय, आता सुट्टीच्या दिवशी आलास तरी उत्तर तेच येईल, शटरमागे भिंत आहे. पण तू आपला दुकान उघडं असतानाच येत जा."